पडद्यामागची बेस

दातांचे डॉक्टर दर शनिवारी दुपारी गिटार दुरुस्तीच्या दुकानात येत, स्टूल ओढून बसत आणि बेस गिटारींवर बोलायला लागत. एकदा गाडी सुटली की आवरणं कठीण. जुन्या बेसचं लाकूड कसं मुरतं, कुठला वादक नुसत्या अंगठ्याने वाजवायचा, कोणी वीस वर्षं तारा बदलल्या नव्हत्या, सगळं तोंडपाठ.

"पासष्टनंतरची बेस मला ऐकवूच नका," ते म्हणत. "आवाजावरून साल सांगतो मी."

दुकानाच्या मालकाला सगळे मिस्त्री म्हणत. त्याने मोडक्या कपाटाच्या दारापासून नुकतीच एक बेस घडवली होती. हौसेने डॉक्टरांना दाखवली, तर ते हातही न लावता म्हणाले, "छान. आत कप्पे केलेत का?"

हे मिस्त्रीच्या जिव्हारी लागलं. जेवताना त्याने आत्याला सांगितलं. आत्याने सत्तरी ओलांडली होती. तरुणपणी तिने अकरा वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवली होती, गाणाऱ्यांच्या मागे, उजेडाबाहेर.

"तू वाजवलीस तर तुझा हात ओळखतील ते," आत्या म्हणाली. "मला बसव दुकानातल्या पडद्यामागे."

पुढच्या शनिवारी मिस्त्रीने चेहरा शक्य तितका भोळा केला. "डॉक्टर, आत एक गिऱ्हाईक आलंय. त्यांच्या बेसचं साल सांगाल का?"

आत्याने सुरुवात केली. मिस्त्रीला खरं तर हसू दाबायचं होतं, पण त्याचा पायच ठेका धरू लागला. आत्याला त्याने कधी ऐकलंच नव्हतं. डॉक्टरांनी डोळे मिटले.

"बासष्ट," ते हळूच म्हणाले. "फार तर त्रेसष्ट. माणूस मोठा आहे हो. मनगट बघा काय जड आहे."

पडदा सारून आत्या बाहेर आली. गळ्यात कपाटाचं दार, त्यावर बिजागरीच्या बुजवलेल्या खुणा. डॉक्टरांनी आधी खुणांकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग जमिनीकडे. चहा न घेताच निघून गेले.

मिस्त्रीला आठवडाभर चुटपुट लागून राहिली. "जरा जास्तच झालं का गं?" त्याने दोनदा विचारलं.

"येईल. बोलायला दुसरं आहे कोण त्याला?" आत्या म्हणाली.

शनिवारी डॉक्टर आले, तेही आपली खरीखुरी बासष्ट सालची बेस घेऊन. आत्याने दोन सूर वाजवले आणि नाक मुरडलं. "तारा गंजल्यात. वाद्य आहे की लोणचं, मुरत ठेवायला?"

मिस्त्रीने पक्कड घेऊन पहिली तार तोडली तेव्हा डॉक्टरांनी खुर्चीतल्या पेशंटसारखे डोळे घट्ट मिटले. नव्या तारा चढल्या. आत्याने बेस त्यांच्यापुढे धरली.

"घ्या, वाजवा."

डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "मला वाजवता येत नाही," ते म्हणाले. "घरी अशा तीन आहेत. पण येत नाही."

मिस्त्रीच्या ओठांवर टोमणा आला होता, अगदी तयार. आत्याने डोळे वटारले, तसा त्याने तो गिळला.

"बोट इथे. दाबा. अजून," आत्या म्हणाली. "दुखेल थोडं. तुम्हीही तेच सांगता ना सगळ्यांना?"

धप्प असा एक सूर निघाला. शेजारच्या दुकानातून कोणीतरी डोकावलं. मिस्त्रीने उठून दार लोटून घेतलं.