उंबऱ्यासकट उचललेलं घर

हे तुम्ही मानणार नाही. नका मानू. पण आम्ही एक आख्खं घर, उंबऱ्यासकट, आत माणूस असताना डोंगरावरून चालवत खाली आणलंय. आणि त्या दिवशी माझं डोकं इतकं तापलं होतं की ते मी एकट्यानंही आणलं असतं. एकनाथ, तू सालवडला कारखान्यात यंत्रं फिरवतोस, तू तर हसणारच. हस.

समुद्राकडे विजेचं मोठं काम नुकतं निघालं होतं, ती वर्षं. भात झोडून झालं की आम्ही डोंगरातली माणसं वरच्या माळावर मालकाचं गवत कापायला जायचो आणि तिथंच खोपटं घालून राहायचो. माझी बायको तानी पेंढी उचलायला वाकली आणि घोणस तिच्या पायाला डसली. पाय बघता बघता भोपळ्याएवढा झाला.

धर्माजी भगत आमच्याबरोबरच कापणीला होता. तिला खोपटात निजवल्यावर त्यानं मंत्र म्हणून उंबऱ्याच्या लाकडावर राखेची रेष ओढली. आमच्यात रीतच ती. भगतानं विष बांधलं की डसलेल्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही, ओलांडला तर विष सुटून काळजात शिरतं.

मी खाली पळालो. विजेच्या कामावरच्या एका ठेकेदाराच्या दवाखान्यात शहरातून आलेला डॉक्टर बसायचा. सापाचं इंजेक्शन काचेच्या कपाटात होतं, मी या डोळ्यांनी पाहिलं.

"पेशंटला इथे घेऊन ये," तो म्हणाला.

"सायेब, तिला उंबरा वलांडता येत नाय. तुमीच चला. जीप हाय ना."

"जीप कामावरच्या माणसांसाठी आहे. तुमच्या अडाणीपणापायी मी डोंगर चढू?"

कामावरच्या माणसांसाठी! हीच जीप चिंचणीला पापलेटं आणायला जायची. पापलेटं काय पाट्या उचलायला होती?

वर आलो तर धर्माजी दारात पाय पसरून बसलेला. "त्याला सुई टोचायची त त्यानं यावं. माजी रेष मोडायची नाय."

तानी आत कण्हत होती. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. आणि या दोघांना स्वतःच्या मानाची पडली होती! एकाला डोंगर चढवत नव्हता, एकाला उंबरा सोडवत नव्हता. मी धर्माजीची मानगूट धरली.

"उंबरा वलांडायचा नाय ना? मग उंबराच संगं नेतो! तूच धर त्यो. राख सांडली त तुला या कड्यावरून सांडीन!"

आम्ही खोपटाच्या जमिनीत रोवलेल्या मेढी उपटल्या. कारवीच्या कुडाच्या भिंती चारी बाजूंनी माणसांनी धरल्या, छप्पर डोक्यांवर घेतलं आणि मध्ये तानीची बाज. पुढं धर्माजी, हातांत उंबऱ्याचं लाकूड, श्वास सोडायलाही घाबरत होता. घर निघालं. गुराख्यांची पोरं गुरं टाकून पळाली.

ओढ्यापाशी पोचतो तर समोरून जीप! डॉक्टरला लाज वाटली असणार. तो उतरला, बूट काढले, धर्माजीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "भगत, आत येऊ का?" धर्माजीनं लाकूड खाली टेकवलं. डॉक्टर राख न पुसता ते ओलांडून आत गेला आणि त्यानं सुई टोचली. बाहेर धर्माजी मंत्र म्हणत होता. डॉक्टरनं एकदाही त्याला गप्प बस म्हटलं नाही. थोड्या वेळानं तानी उठून बसली आणि मलाच शिव्या घालायला लागली, "मेल्या, माजं घर कुठं आणलंस?"

एकनाथ पोट धरून हसायला लागला. "जिवल्याकाका, घर कुणी चालवत आणतं का? थापा तरी बेतानं मारा."

मंगळी, तानीची पाठची बहीण, दाराशी तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली आपटलं.

"हसू नको रं. घर आणलं ते खरं हाय. मागचा कोपरा माज्याच डोक्यावर व्हता." मग ती माझ्याकडे वळली. "पन जीप आली नाय, भावजी. डॉक्टर आलाच नाय. वड्यापाशी आमी घर खाली ठेवलं, तवा तानी कवाच गेलेली."