बंद पंपाची थरथर

भिंगरीचं बूड एका जागी टेकत नाही, ही घरातली जुनी तक्रार. बाप शिंपी. सकाळी मशीनवर बसला की जेवायलाच उठायचा. आपल्या पोटी ही कुठून आली, असं तो गिऱ्हाइकांनाही विचारी. आता ही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, पंपांच्या कारखान्यात इंटर्नशिप करत होती, आणि तिला डिझाइन विभागात नोकरी हवी होती. गार खोली, मोठा पडदा, स्वतःची खुर्ची. एकदा तिथं बसलो की आपणही शांत होऊ, असं तिला मनापासून वाटायचं.

नशिबी आला चाचणी विभाग. काम काय, तर चालू पंपासमोर स्टुलावर बसून तो किती थरथरतो ते पडद्यावर बघायचं. सकाळी पंप शहाण्यासारखा वागे, जेवणानंतर त्याच्या अंगात येई. डिझाइनच्या साहेबांनी त्यापायी आतला पंखा पुन्हा पुन्हा बदलला होता, आणि आता नवा पंखा मालकांना दाखवायचा होता. भिंगरीला नोकरी द्यायची की नाही, हेही साहेबच ठरवणार होते.

त्या दुपारी बसून बसून तिच्या पायांना मुंग्या आल्या. तिनं पंप बंद केला आणि ती येरझाऱ्या घालू लागली. वळता वळता पडद्याकडे नजर गेली, आणि ती थबकलीच. पंप बंद, तरी रेघ नाचत होती. बंद पंपाची थरथर कोण कशाला बघेल? पंप थांबला की सगळे पडद्याकडे पाठ करून चहाला जात. तिनं जमिनीला तळहात लावला, भिंतीला लावला, आणि हात टेकत टेकत निघाली ती थेट शेजारच्या शेडमध्ये पोचली. तिथलं पत्रा दाबायचं अवजड यंत्र जेवणानंतरच चालू होई. हलत होती ती जमीन. साहेब आजवर साप साप म्हणून भुई धोपटत होते.

घरी ती जेवता जेवता ताटावरून उठली.

"बाबा, साहेबांचं चुकलंय. सांगू?"

"आधी नोकरी पदरात पडू दे. मग सांग काय सांगायचं ते."

"तोवर ते मालकांपुढे तोंडघशी पडतील."

"आणि तू सांगितलंस तर कोण पडेल?"

बापाचं खरं होतं, म्हणूनच तिला राग आला. तिनं खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"बस गं जरा," बाप म्हणाला.

सकाळी साहेबांपुढे ती एका दमात सगळं बोलून गेली. दुपारी साहेब स्वतः आले. पंप बंद, रेघ नाचतेय. त्यांनी शेजारचं यंत्र थांबवायला लावलं, आणि रेघ आडवी झाली. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"माझ्या विभागात तुला घेणार नाही," ते म्हणाले.

भिंगरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"रोज तुझं तोंड बघून मला हेच आठवेल. मी काही संत नाही." ते अजून पडद्याकडेच बघत होते. "पण कारखान्यातून तुला जाऊही देणार नाही. चाचणीत ये. कायमची. स्टुलावर बसायचं नाही, असंच हिंडून शोधायचं."

"नोकरी लागली," घरात पाऊल टाकताच ती म्हणाली, "पण खुर्ची नाही, बाबा. दिवसभर पंपांभोवती फिरायचं." आपण रडतोय की हसतोय, हे तिचं तिलाच कळेना.

जेवायची वेळ नव्हती, तरी बाप मशीनवरून उठला. दाराशी काढलेल्या तिच्या चपला त्यानं उचलल्या आणि उलट्या करून झिजलेले तळवे पाहिले.

"चल," तो म्हणाला, "चांगले बूट घेऊ."