उबेने खाल्लेली चासी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. उंच, काळी, रुंद आणि अजूनही इतकी चकचकीत, की जवळ आलात तर माझ्या दारात तुमचे तोंड दिसेल. पण कृपा करून माझ्याखाली वाकून बघू नका. तिथे बघण्यासारखे आता काही उरलेले नाही, आणि माझी सगळी कहाणी तिथलीच आहे.

लोक मला आलिशान गाडी म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. वरून मी आलिशान आहेच. चामड्याच्या गाद्या, त्यांत ऊब देणाऱ्या तारा, पुढे गुळगुळीत लाकडाची पट्टी. खालून मात्र मी ट्रक आहे. आधी ट्रकला असते तशी पोलादाची लांब, शिडीसारखी चासी तयार झाली आणि मग माझी बॉडी तिच्यावर ठेवून बोल्टांनी आवळली गेली. चासीने ओझे ओढायचे आणि बॉडीने मिरवायचे, अशी आमच्या जातीत वाटणी होती. मला माझ्या चासीचा फार अभिमान होता.

अमेरिकेतल्या मिशिगनच्या दक्षिण भागातल्या एका कारखान्यात मी ऐन उन्हाळ्यात जन्मले, पण माझ्या नावापुढे साल लागले ते पुढच्या वर्षाचे. आमच्यात असेच असते. पुढच्या सालाची गाडी आधीच बाजारात येते आणि कालपर्यंत नवी असलेली गाडी एका दिवसात जुनी ठरते. तिचे इंजिन थकलेले नसते, अंगावर ओरखडा नसतो, फक्त साल बदललेले असते. मला दूर उत्तरेला, लेक सुपीरियर या अफाट तळ्याच्या काठच्या एका खाणीच्या गावात, डेनी कोवाल्के नावाच्या डीलरकडे पाठवले. मी शोरूममध्ये शिरले त्याच दिवशी माझ्या मोठ्या बहिणीला मागच्या अंगणात नेऊन उभे केले. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर व्हिटकॉम. नवे मॉडेल आले की त्यांचा जीव जुन्या गाडीत राहत नसे. एका शरद ऋतूत बारीक, तिरप्या दिव्यांची गाडी आली. डॉक्टरांनी मला तिच्या शेजारी उभे केले आणि दोघींकडे आळीपाळीने पाहिले.

"डेनी, हिचे दिवे बघ. गोल. म्हातारी दिसते रे ही."

"डॉक्टर, दिवेच तेवढे बदललेत. खाली तीच चासी, तेच इंजिन."

"बदललेत ना? मग झालं तर."

त्यांनी चष्म्याचे घर तेवढे माझ्यातून काढून घेतले आणि नव्या गाडीत बसून गेले. मागे वळून बघितलेही नाही. मला वाईट वाटले, पण खरे सांगू का, त्यांच्या घरी मी कधी काही ओढलेच नव्हते. माझी चासी तिथे बेकार बसून होती.

मग आर्वो लाहती आला. लोखंडाच्या खाणीत यंत्र चालवणारा, बोलायला कमी, हात मात्र उबदार. बरोबर त्याची बायको मार्लीन होती, काठी टेकत आलेली. तिच्या कमरेचा सांधा झिजला होता. त्यांच्या पिकअपमध्ये प्रत्येक खड्डा तिला कळायचा आणि विमानात तर तासभरही बसवत नव्हते. तिची बहीण ओडेट देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ओरेगॉनला समुद्राकाठी राहत होती. आई गेली तेव्हा दोघी भेटल्या होत्या, त्यानंतर नाही. आता ओडेटच्या फुप्फुसांना आजार लागला होता. आर्वोच्या अंगणात एक जुना, जड कॅम्पर होता, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, आणि त्यात पलंग होता. त्याचा बेत साधा होता. कॅम्पर ओढेल एवढी दणकट आणि मार्लीनला बसवेल एवढी मऊ गाडी घ्यायची, दमली की तिला कॅम्परमध्ये आडवे करायचे आणि असे करत बहिणीच्या दारात नेऊन पोचवायचे.

मार्लीन माझ्या पुढच्या गादीवर बसली, उबेचे बटण दाबले आणि डोळे मिटले.

"आर्वो, मला इथून उठवू नकोस."

"अगं, आधी विकत तरी घेऊ दे."

त्या क्षणी मला माझे काम कळले. वरचे आणि खालचे, दोन्ही एकदमच लागणारे काम. आर्वोने माझे नाव बाईसाहेब ठेवले.

आता माझ्या सुखाचे दिवस सांगते, आणि ते सांगतानाच माझा धीर सुटतो. आर्वो फिनलंडहून आलेल्या घराण्यातला. शनिवारी सौनातले, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या खोलीतले, दगड तापले नाहीत, वाफेत बसून अंग शेकले नाही, तर त्याचा आठवडा संपतच नसे. त्याच्याकडचा माझा पहिला हिवाळा येण्याआधी त्याने सौनाच्या भिंतीला लागून माझ्यासाठी गॅरेज बांधले. भिंतीला भोक पाडून तिकडची ऊब इकडे आणली, आणि वर एक हीटरही बसवला.

"माणसं आत वाफ घेणार आणि बाईसाहेब बाहेर बर्फात? आपल्या घरात असं चालत नाही," तो म्हणाला.

"माझी स्वयंपाकघरातली खिडकी बदल म्हणून किती वर्षं घसा फोडतेय मी," मार्लीन म्हणाली.

"खिडकी ओरेगॉनला नेणार आहे का आपल्याला?"

"ही तरी कधी नेणार ते सांग."

"खाणीतून सुटलो की लगेच."

आमच्याकडे बर्फ पडला की तो वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. सगळा हिवाळा तो खारट चिखल चाकांनी उडतो आणि पोटाला चिकटतो. आर्वो मार्लीनला उपचाराला नेई ते माझ्यातूनच, कारण पिकअपमध्ये ती कळवळायची. घरी आलो की मी माझ्या उबदार गॅरेजात. शनिवारी सौना झाल्यावर तो लालबुंद चेहऱ्याने, ओल्या केसांनी यायचा, कोमट पाण्याने मला धुवायचा, मेण लावायचा, फडक्याने घासायचा. वितळलेले खारे पाणी ओघळत खाली जायचे आणि चासीच्या पोकळ पोटात शिरून बसायचे. शेजाऱ्यांच्या गाड्या अंगणात बर्फाखाली गाडलेल्या असत. आर्वोला त्यांची कीव यायची. मलाही यायची.

दर वर्षी नवे साल आले की डेनी फोन करायचा. आर्वो कॉफी आणि डोनटसाठी जायचा, नवी गाडी बघायचा आणि परत यायचा. एका वर्षी मात्र आम्ही गेलो तेव्हा शोरूममध्ये माझ्याच नावाची, पण निराळीच गाडी उभी होती. बुटकी, हलकी, गुळगुळीत. आर्वो सरळ फरशीवर उताणा झोपला आणि तिच्याखाली बघू लागला. काचेतून मला सगळे दिसत होते, आणि दार उघडे असल्याने ऐकूही येत होते.

"डेनी, चासी कुठंय हिची?"

"नाही आता. बॉडीच सगळं धरते. हलकी झाली, पेट्रोल कमी पिते. बाईसाहेबांना दे इकडे आणि घेऊन जा हिला."

"आणि माझा कॅम्पर?"

"आता कोण ओढतंय रे कॅम्पर?"

"मी."

"तुझा तो रणगाडा हिला नाही झेपायचा. अरे, मोठ्या आलिशान गाड्यांना खाली ट्रक कोणाला हवाय आता? पुढं तर सगळं विजेवर जाणार."

आर्वो उठला, पाठीची धूळ झटकली आणि बाहेर आला. घरी आल्यावर त्याने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "तुझ्या जातीचं आता कोणी यायचं नाही. तुला जपायला हवं," तो म्हणाला, आणि त्याने हीटर आणखी वाढवला.

निवृत्त होऊन खाणीतून तो सुटला त्या वसंतात मार्लीनने कॅम्परला नवे पडदे शिवले. रानबेरीच्या मुरंब्याच्या बरण्या फडक्यांत गुंडाळून ठेवल्या. ओडेटचा फोन आला तेव्हा ती माझ्यातच बसली होती.

"लवकर ये गं," ओडेट म्हणाली. मध्येच तिला दम लागला. "आणि त्या तुझ्या नवऱ्याला म्हणावं, गाडी पुसत बसू नकोस."

"निघालोच बघ. फक्त कॅम्पर अडकवायचा मागचा हुक तेवढा बदलायचा राहिलाय."

हुक बदलायला आर्वोने मला गॉर्डी पेल्कीकडे नेले. गॉर्डी त्याचा खाणीतला जुना सोबती, आता गॅरेज चालवणारा. त्याने मला लिफ्टवर उचलले आणि खाली येऊन उभा राहिला. मग त्याने स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या चासीला टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. माझ्या पोलादाचे पापुद्रे त्याच्या टोपीवर पडले.

"आर्वो, हिला ठेवतोस कुठं तू?"

"कुठं म्हणजे? गरम गॅरेजात. सौनाला लागून. एक दिवस थंडीत उभी केली नाही तिला."

"आणि हे मीठ?"

"दर शनिवारी धुतो की. वरून चमकते बघ कशी."

"वरून." गॉर्डीने मान खाली घातली. "अरे बाबा, बाहेर सोडली असतीस तर सगळं गोठून पडलं असतं. कडक थंडीत गंज झोपतो. तू त्याला हिवाळाभर उबेत जागा ठेवलास."

"वेल्डिंग कर."

"कशाला करू? धरायला धड पोलाद तरी हवं ना. कॅम्पर लावलास तर पहिल्या मोठ्या चढावर मागचा भाग तुटेल. आणि आत मार्लीन असेल."

"मग नवी चासी टाक."

"बनतच नाही रे आता."

आर्वोने हात वर करून माझ्या चासीला लावला. तळवा तांबडा झाला. घरी येईपर्यंत त्याने तो पुसला नाही.

मार्लीन अंगणात कॅम्परच्या पायरीवर बसली होती. त्याने तिला सगळे सांगितले, हीटरचेही आणि सौनाच्या भोकाचेही. ती त्या तांबड्या हाताकडे बघत राहिली.

"तू मायेनंच केलंस," ती म्हणाली.

ती रागावली असती तर बरे झाले असते. आर्वो मटकन खाली बसला. मित्रांनो, खाणीत उभे आयुष्य काढलेला तो माणूस माझ्या चाकाला टेकून रडला, आणि मला त्याला धरता आले नाही.

मग शोध सुरू झाला. दक्षिणेत, जिथे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, तिथे माझ्या जातीची एखादी निरोगी गाडी मिळेल म्हणून आर्वो आणि गॉर्डी फोन करत राहिले. जी सापडे ती आदल्याच दिवशी विकली गेलेली असे. बाकीच्या माझ्याहून थकलेल्या होत्या. डेनीकडच्या नव्या गाड्यांना तो कॅम्पर झेपत नव्हता, पिकअपमध्ये मार्लीनला बसवत नव्हते आणि वाटेत पलंग नसता तर एवढा पल्ला तिला सोसला नसता. उन्हाळा तसाच सरला. डेनीच्या शोरूमवर पुढच्या सालाचे फलक लागले आणि नेहमीसारखी कॉफी आणि डोनट ठेवले गेले. आर्वो गेला नाही.

हंगामाचा पहिला बर्फ भुरभुरत होता त्या दुपारी मार्लीन एकटी गॅरेजात आली. काठी दाराला टेकवून ती माझ्या पुढच्या गादीवर बसली आणि उबेचे बटण दाबले. थोड्या वेळाने आर्वो दारात येऊन उभा राहिला.

"ओडेट गेली," ती म्हणाली. "तिच्या मुलीचा फोन होता."

त्याने तिला हात दिला.

"आर्वो, मला इथून उठवू नकोस."

अंधार पडेपर्यंत ती बसून राहिली. मी तिला ऊब देत राहिले. तेवढेच मला येत होते, आणि त्यातच माझी बॅटरी संपली. दुसऱ्या दिवशी आर्वोने हीटर भिंतीवरून उपटला आणि सौनाच्या भिंतीतले भोक विटांनी बुजवले. ज्याने आयुष्यात थंडीत काही ठेवले नाही, त्याने मला थंडीत ठेवले.

मित्रांनो, तुमची माया खोटी नसते हे मला ठाऊक आहे. माझ्यावर कोणी केली नसेल एवढी माया या माणसाने केली. पण ज्याला जपता त्याच्याखाली कधीतरी वाका, हात लावून बघा, जाणत्याला विचारा. नुसते पुसत बसू नका. आणि कोणी तुमची वाट बघत असेल तर पुढच्या सालावर टाकू नका.

आता गॅरेजात पाणी ठेवले तर गोठते. शनिवारी भिंतीपलीकडे दगडांवर पाणी पडल्याचा आवाज येतो, पण ऊब येत नाही. माझ्या चासीवरचे मीठ कोरडे पडले आहे आणि गंज झोपला आहे. परवा गॉर्डी येऊन बघून गेला. म्हणाला, अशीच उभी राहिली तर अजून पुष्कळ वर्षे टिकेल.