तिसरी बाही

त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात आमच्या कारखान्यासाठी कपड्यांची चित्रं काढणाऱ्या इंगेगेर्डबाईंनी घरी घालायच्या फ्रॉकचं एक चित्र काढलं. चित्रातल्या बाईचा एक हात आधी कमरेवर होता. मग त्यांना वाटलं, भांडी घासणारी बाई असली ऐट कशाला करेल? म्हणून तोच हात त्यांनी खिशात घातलेला दाखवला. कमरेवरचा खोडायचा राहून गेला आणि बाई स्टॉकहोमला निघून गेल्या.

बुरोसच्या या कारखान्यात कापड बेतायचा हिल्डिंग. त्याने चित्र पाहिलं आणि म्हणाला, "तीन बाह्या."

"अरे, चुकलं असेल. थांब की त्या येईपर्यंत," मी मशीनवरून म्हटलं.

"मागे कॉलर जरा लहान केली, तर चारचौघांत माझी पिसं काढली. 'रेघ माझी, कात्री तुझी,' म्हणाल्या. आता रेघेला तीन हात आहेत, तर असू देत."

त्याने बेतलं, आम्ही शिवलं. माल दुकानात गेला.

परतल्यावर बाईंनी कपाळावर हात मारला. "बुडवलंत मला!" मला बरोबर घेऊन त्या दुकानाकडे धावल्या. तिथे एकही फ्रॉक उरला नव्हता. दारातच डॅगनी भेटली, आमच्या गल्लीतली. तिने अंगातल्या फ्रॉकच्या तिसऱ्या बाहीच्या टोकाला गाठ मारून आत बटाटे भरले होते.

"तुम्हीच का त्या?" ती बाईंना म्हणाली. "देवाला जे सुचलं नाही ते तुम्हाला सुचलं हो!"

बाईंनी हट्टाने पुढचा माल दोन बाह्यांचा काढला. तो सगळा परत आला. गिऱ्हाइकांचं म्हणणं एकच, बाही शिवायची राहिलीय.

त्या दिवशी बाई माझ्याजवळ बसून रडल्या. "एवढी चित्रकला शिकले, आणि लोक मला बटाट्यांवरून ओळखणार!"

"ओळखणार तरी," मी कॉफी ओतत म्हटलं.

त्यांना हसू फुटलं. पेन्सिल उचलून त्यांनी पहिल्यांदाच आम्हाला विचारलं, "कुठल्या बाजूला सोयीची पडेल?"

मी म्हटलं उजवीकडे, हिल्डिंग म्हणाला डावीकडे. आमची अशी जुंपली, की वैतागून बाईंनी दोन्हीकडे एकेक काढून दिली.

ते फ्रॉक मात्र कुणी हातात धरले नाहीत. डॅगनी तर कारखान्यात येऊन ओरडली, "चार? आम्ही काय खेकडे आहोत?"