माझ्या झाकणाच्या आत काय लिहिले आहे

मित्रांनो, मी एक जुनी राखाडी गाडी आहे आणि आज माझा जीव थाऱ्यावर नाही. उद्या सकाळी मला विकत घेणारे येतील आणि आपल्या घरी नेतील. माणसे प्रेमळ आहेत असे ऐकते. मला भीती त्या प्रेमाचीच वाटते. का, ते सांगते.

माझा जन्म जपानमधला. माझी चारही चाके जोर लावतात, त्यामुळे बर्फाचे आणि चिखलाचे मला काही वाटत नाही. आमच्या घराण्यात दिसायला अगदी सारख्या, पण पोटातून वेगळ्या अशा दोन बहिणी असत. एकीला साधे इंजिन. ते बिचारे मिळेल ते पिऊन चालते. दुसरीला टर्बो, म्हणजे हवा कोंबून भरणारे इंजिन. ताकद दांडगी, पण पिण्याचे नखरे फार. पंचाण्णव ऑक्टेनच्या खालचे पेट्रोल त्याला सोसत नाही. आकडा जितका लहान, तितके पेट्रोल दाबाखाली उतावीळ होते, ठिणगीच्या आधीच पेट घेते आणि आत कोणी हातोडी मारावी तसा आवाज येतो. मी ही दुसरी बहीण. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हे लाल अक्षरांत लिहिलेलेही होते. पण जपानीत.

जहाजातून, मग रेल्वेतून मी किर्गिझ लोकांच्या राजधानीत, बिश्केकच्या गाडीबाजारात आले. तिथे मेदेरने मला पसंत केले. मेदेर सुसामिरच्या खोऱ्यात घोडे पाळतो. त्याच्या थोरल्या चुलतभावाकडे, एसेन्कुलकडे, माझी साधी बहीण होती. ती चांगली चालते म्हणून त्याने मला घेतले. झाकण उघडून लाल अक्षरे पाहिली आणि म्हणाला, "दिसतायत छान!"

आमच्या खोऱ्यात नवी सून, नवे बाळ किंवा नवी गाडी पहिल्यांदा पाहणाऱ्याने काहीतरी द्यायचे असते. या तोंड पाहण्याच्या भेटीला कोरुमदुक म्हणतात. ती परत करणे म्हणजे देणाऱ्याचा अपमान. पेट्रोलपंप लांब, म्हणून पाहुण्यांनी मला पेट्रोलच आणले. सगळ्यात मोठा डबा एसेन्कुलचा होता. जुन्या ट्रकसाठी साठवलेले ऐंशी नंबरचे पेट्रोल.

"बाइके, एवढं कशाला आणलंत?" मेदेर म्हणाला. थोरल्या भावाला तिथे बाइके म्हणतात.

"गप रे! तोंड बघितलंय, रिकाम्या हाताने जाऊ की काय? माझी गाडी हेच पिते आणि शिंगरासारखी उधळते. आण ते नरसाळं."

सगळ्यांच्या टाळ्यांत ते माझ्या पोटात गेले. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते.

एका व्यक्तीने मात्र काही दिले नाही. मेदेरची आई, झूरा आपा. आईला तिथे आपा म्हणतात. तिचा एक डोळा गेलेला, दुसऱ्यावर दाट पडदा आलेला. तिने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मला दिसलीच नाही, तर भेट कसली देऊ? डोळा आला की देईन." लोक हसले. तिला फारसे हसू आले नाही. आठ महिने वाट पाहून बिश्केकमधल्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. ती हुकली तर हाही डोळा जाईल, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते.

ती तारीख दोनच दिवसांवर होती. त्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मेदेर, आपा आणि मेदेरची दहा वर्षांची मुलगी बेगिमाय. घाटात ताजा बर्फ होता. चढ लागला, मेदेरने पाय दाबला आणि माझ्या आत हातोडी सुरू झाली. मी ठिणगी उशिरा टाकून स्वतःला जपत होते, पण किती जपणार? इथे माझे इंजिन फुटले तर आपाचा डोळा या बर्फातच राहील, हा एकच विचार मला पोखरत होता. मेदेरने मात्र गाणी मोठ्याने लावली होती.

"ते गाणं बंद कर," आपा म्हणाली. "गाडीला धाप लागलीय."

"आपा, तुला रस्ता दिसत नाही आणि तू मला गाडी शिकवतेस?"

"दिसत नाही म्हणूनच ऐकू येतं. जन्मभर घोड्यांचा श्वास ऐकलाय मी. ही आतून फाटतेय. पाय काढ."

"पाय काढला तर पोचायचं कधी? बाराला बोलावलंय!"

"आणि ही इथेच बसली तर? मला पाठुंगळीला मारून नेणार आहेस?"

बेगिमायने हात पुढे करून गाणे बंद केले. आता हातोडी मेदेरलाही ऐकू आली. त्याचा चेहरा उतरला. खालचा गिअर, हलका पाय, असे करत आम्ही घाटमाथ्यावरच्या बोगद्यापर्यंत सरपटत गेलो. प्रत्येक वळणावर मला वाटे, हे शेवटचे.

घाट उतरल्यावर पहिल्या पंपावरच्या बाईने माझे झाकण उघडले आणि कपाळाला हात लावला. "अशा गाड्या रोज बघते मी. हे लाल लिहिलंय ना, ते साधं पेट्रोल घालू नका म्हणून. काय घातलंत?"

"ऐंशी," मेदेर पुटपुटला.

"कुणा दुश्मनाने दिलं का?"

"चुलतभावाने. प्रेमाने."

मिसळून आकडा वर यावा म्हणून तिने वरून अठ्ठ्याण्णव नंबरचे भरले आणि पाय हलका ठेवायला सांगितले. बाराला दहा मिनिटे असताना आपा दवाखान्याची पायरी चढली.

पट्टी निघाल्यावर ती थेट माझ्यापाशी आली. मला नीट न्याहाळून म्हणाली, "राखाडी होय! मला वाटलं पांढरी असेल." मग बेगिमायच्या हातात तिने खिळा आणि रंग दिला. "आधी कोर, मग रंगव. नुसता रंग टिकायचा नाही." झाकणाच्या आत आमच्या किर्गिझ भाषेत लिहिले गेले: पंचाण्णवच्या खाली नाही. देणारा कोणीही असो. आपाने ते स्वतःच्या डोळ्याने एकेक अक्षर लावून वाचले. "ही माझी भेट," ती म्हणाली.

पुढे एसेन्कुल पुन्हा डबा घेऊन आला, तेव्हा तिने झाकण उघडून त्याला फक्त "वाच" म्हटले. तो डोके खाजवत डबा परत घेऊन गेला आणि रुसलाही नाही.

याला चौदा वर्षे झाली. आपा आता नाही. पहिल्या ओळीचा रंग उडाला आहे. 'देणारा कोणीही असो' एवढेच दिसते. उद्या नव्या अंगणात पाहुणे जमतील, हसत हसत डबे आणतील, आणि मला बोलता येणार नाही.

मित्रांनो, त्यांत तुम्ही असाल तर नरसाळे लावण्याआधी थोडे थांबा. झाकण उघडा आणि आतून बोट फिरवा. बेगिमायने कोरलेला आकडा डोळ्यांना दिसत नसला, तरी बोटांना अजून लागतो.