मागच्या पेटीतला मानकरी

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण डिम्प्नाच्या हातात कधी पाना आला नव्हता. आला असता तरी नवऱ्यानं, मॅलकीनं काढून घेतला असता. करडा ट्रॅक्टर त्याच्या बापाचा, आणि बाप गेल्यापासून त्याला हात लावायची दुसऱ्या कुणाची टाप नव्हती. गवत कापायच्या दिवसांत डिम्प्ना तो शेतात चालवायची, तेवढीच मुभा. रस्त्यावर मॅलकी चालवणार, आणि ती मागं अडकवलेल्या लोखंडी पेटीत वर्तमानपत्र अंथरून रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाणार. आठवडाभर त्याच पेटीतून वासरं आणि खताची पोती जायची. आयर्लंडातल्या आमच्या मोनाहनात पुष्कळ बायका तशाच गेल्या, कुणाला त्यात काही वाटलं नाही. डिम्प्नाला मात्र वाटायचं, मोज्यांना शेण लागलं की जास्तच.

मार्चमध्ये मॅलकीला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय लंगडा झाला, तोंडाचा पट्टा तेवढा शाबूत राहिला. आणि आता जूनमध्ये, नेमकी मिरवणूक तोंडावर आलेली असताना ट्रॅक्टरचं मॅनिफोल्ड तडकलं. इंजिनाच्या कुशीला असलेला बिडाचा जाड नळ तो, सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून बाहेर सोडणारा. ट्रॅक्टर असा फटाफट वाजायला लागला की कोंबड्यांनी दिवसभर अंडं म्हणून दिलं नाही.

मिरवणूक गावातल्या जुन्या ट्रॅक्टरांची. रविवारी मिस्सा आटोपला की निघायची, आणि पहिल्या वर्षापासून सगळ्यांच्या पुढं मॅलकी. शुक्रवारी समितीचा कॉर्मक आला आणि टोपी हातात फिरवत म्हणाला, "मॅलकी, यंदा तू माझ्या जीपमध्ये बस. जीप पुढंच ठेवतो. मानाचा पाहुणा म्हणून."

"मानाचा पाहुणा!" तो गेल्यावर मॅलकी फुत्कारला. "पुढच्या वर्षी मानाचा फोटो लावतील भिंतीवर."

आणि भिंतीकडे तोंड करून बसला. यंदा ह्याचा ट्रॅक्टर मिरवणुकीत नसला तर हा पुन्हा अंगणात उतरायचा नाही, हे डिम्प्नाला लख्ख कळत होतं. नवीन मॅनिफोल्ड टपालानं येऊन खोक्यात पडलं होतं. तिनं खुंटीवरचा त्याचा डगला चढवला आणि बाह्या दुमडल्या.

"सांग काय करायचं ते. पण ओरडलास तर पाना टाकून निघून जाईन."

तो खुर्चीत बसून सांगत होता, ती करत होती, आणि दोघंही ओरडत होते. नट गंजून स्टडला, इंजिनातून बाहेर आलेल्या आट्यांच्या सळीला, असे चिकटलेले की हलायचं नाव नाही.

"डाग द्यायच्या बत्तीनं तापव," मॅलकी म्हणाला. "लाल झाला की मेण लाव. मेण वितळून आत शिरतं. जोर करू नकोस, स्टड तुटला तर मेलोच."

घरात मेण होतं ते एकच. फेब्रुवारीत फादरनं आशीर्वाद दिलेली मेणबत्ती. वादळात लावायची, नाहीतर कुणाच्या मरणाच्या उशाशी. डिम्प्ना ती घेऊन आली.

मॅलकीनं बघितलं. "ही माझ्यासाठी ठेवली होतीस ना?"

"हो. झटका आला त्या रात्री काडीसुद्धा काढून ठेवली होती." तापलेल्या नटावर तिनं मेणबत्ती टेकवली. "आता तुझ्या ट्रॅक्टरला लागतेय. तेव्हा तुला थांबावं लागणार, म्हाताऱ्या. दुसरी पुढच्या फेब्रुवारीशिवाय मिळत नाही."

नट कुरकुरला आणि फिरला. मॅलकी हसता हसता खोकायला लागला.

शनिवारी सकाळी तो झोपेत असताना तिनं घोळ घातला. मॅलकीचा ट्रॅक्टर म्हणजे आरसा, गंजाचा ठिपका दिसला तर तो दोन दिवस जेवायचा नाही. म्हणून त्याला खूश करायला तिनं नवीन मॅनिफोल्ड त्याच्याच डब्यातल्या करड्या रंगानं रंगवलं. आतून, बाहेरून, इंजिनाला टेकते ती कडसुद्धा, दोन हात दिले. दुपारी बसवून ट्रॅक्टर सुरू केला तर रंगाला फोड आले, घाणेरडा धूर सुटला, कडेचा रंग जळाला आणि मध्ये धूर अडवायला बसवलेल्या पॅकिंगमधून पुन्हा फटफट!

"अगं बाई, त्याला कुणी रंग देतं का? चुलीचा तवा रंगवशील?"

"तूच म्हणतोस ना, सगळं चकाकलं पाहिजे! जन्मभर हेच ऐकलं मी!" तिनं पाना जमिनीवर टाकला. "झालं. पॅकिंग जळलं. संपलं सगळं."

मॅलकी तिच्याकडे बघत राहिला. नाकाला काजळी, डगल्याच्या दुमडलेल्या बाह्या सुटून गुडघ्यापर्यंत.

"खोक्यात दुसरं पॅकिंग आहे," तो हळूच म्हणाला. "मी दोन मागवली होती."

"माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून?"

"मी पहिल्यांदा बसवायला घेतलं तेव्हा बापानं पण मला दोनच आणून दिली होती."

तिनं सगळा रंग खरवडून काढला, कड घासून नितळ केली आणि दुसरं पॅकिंग बसवलं. मधल्या नटापासून बाहेर, थोडं थोडं आवळत गेली. ट्रॅक्टर सुरू केला, तापू दिला, बंद करून गार झाल्यावर पुन्हा एकदा आवळला. मग किल्ली फिरवली तेव्हा अंगणात जो आवाज भरला, त्याला मॅलकी डोळे मिटून डोलायला लागला.

रविवारी डिम्प्नानं ट्रॅक्टर शेतातल्या वाटेनं चर्चपर्यंत आणला; मिस्सा आटोपल्यावर बाहेर कॉर्मकनं जीपचं दार उघडलं. मॅलकी काठी टेकत त्याच्या पुढून गेला आणि ट्रॅक्टरच्या मागच्या लोखंडी पेटीत वर्तमानपत्रावर ऐसपैस बसला.

"अरे, तिथं कुठं बसतोस? आणि हे काय," कॉर्मकचं लक्ष इंजिनाकडे गेलं, "सगळा ट्रॅक्टर चकाचक आणि एवढाच तुकडा तपकिरी? रंगवायचा राहिला का?"

"त्याला रंग देत नाहीत," मॅलकी छाती काढून म्हणाला. "बायकोला विचार, ती सांगेल."

डिम्प्नानं ट्रॅक्टर रस्त्यावर घातला, जन्मात पहिल्यांदा. मागं गावातले सगळे ट्रॅक्टर. चर्चच्या चढावर तिचा जीव मुठीत होता, पण आवाज जराही फाटला नाही. वर कर्ण्यातून पुकारा झाला, "सगळ्यांच्या पुढं, दरवर्षीप्रमाणे, मॅलकी!"

"मी नाही रे!" पेटीतून आरोळी आली. "मी आज पोतं आहे! डिम्प्ना म्हण! नवं मॅनिफोल्ड बसवलंय तिनं, चालवतेय ती!"

कर्णा क्षणभर गोंधळला आणि मग चढभर तिचं नाव घुमलं. डिम्प्नानं मागं वळून बघितलं तर म्हाताऱ्याचे गाल ओले, आणि डावा हात राजासारखा वर.

"मोजे सांभाळ!" ती ओरडली. "शेण लागेल!"

"लागू दे!" मॅलकी म्हणाला. "तू पुढं बघ."