चौदा नंबरची खिडकी

करोनाच्या साथीच्या मदतीचे पैसे वॉशिंग्टनहून आले, तेव्हा कॅल्डर मिल्स गावात पहिले पंधरा दिवस सणासारखे गेले आणि पुढची तीन वर्षं भाऊबंदकीसारखी. पैसा एकदाच मिळणार होता. तेव्हा तो एकदाच करायच्या कामावर लावा, पगारवाढीत जिरवू नका, असं नगरसभेनं सुरुवातीलाच ठरवून टाकलं. मग कुणाला शिशाचे जुने नळ बदलून हवे झाले, कुणाला पोहण्याचा तलाव, तर अग्निशामक दलाला नवा कोरा बंब. यंदाच्या डिसेंबरअखेर पैसा कशावर लावणार ते पक्कं केलं नाही, तर तो परत जाणार होता. तेव्हा कुठं सगळ्यांची झोप उडाली. ग्रंथालयात प्रत्येक कामाचा एक फळा लावला गेला आणि येणाऱ्याच्या हातावर तीन हिरव्या टिकल्या ठेवल्या गेल्या. पटेल त्या कामावर चिकटवा. जन्मात ज्यांनी ग्रंथालयाची पायरी चढली नव्हती, तेही टिकल्या चिकटवायला आले.

सगळ्यात जास्त टिकल्या पडल्या त्या टेकडीवरच्या बंद वृद्धाश्रमाच्या फळ्यावर. साथीत तिथली निम्मी माणसं गेली, मालकानं हात वर केले आणि थकलेल्या करापोटी ती इमारत गावाच्या गळ्यात पडली. ती पाडायची आणि तिथे दवाखाना बांधायचा, ही सूचना लोरीन हुडाकची. लोरीन नगरसभेवर निवडून आलेली, साठी उलटलेली, केशकर्तनालय चालवून अर्ध्या गावाची डोकी ओळखणारी बाई. तिची आई ॲग्नेस त्याच आश्रमात होती. म्हणून तिला ती इमारत नजरेसमोर नको, असं लोक समजत. खरंच होतं ते, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

साथीच्या पहिल्या एप्रिलमध्ये आश्रमात जायला बंदी होती. सगळ्या गावासारखी लोरीनही बाहेरच्या गवतात उभी राहून खिडकीतून भेटायची. आईला ऐकू येत नसे, म्हणून ती पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायची, आणि काचेआडून आई हात हलवायची. रविवारी आईला अचानक इस्पितळात हलवलं आणि त्याच संध्याकाळी ती गेली. आश्रमानं फोन केला तो भलत्याच घरी. लोरीनला गुरुवारपर्यंत पत्ता नव्हता. सोमवार, मंगळवार, बुधवार ती पिवळा कोट घालून चौदा नंबरच्या खिडकीसमोर उभी राहिली, आणि तिन्ही दिवस आतून कुणीतरी हात हलवला. तोंडावर मास्क, त्यावर पारदर्शक पडदा, काचेवर उन्हाची तिरीप. आई सोडून दुसरं कोण असणार, असं तिला वाटलं. नंतर नर्स म्हणाली, "रविवारपासून त्या खोलीला कुलूप होतं, बाई."

मग हात कोण हलवत होतं? चार वर्षं हा प्रश्न लोरीनच्या मानगुटीवर बसला होता. इमारत गेली की प्रश्नही जाईल, अशी तिची भाबडी आशा होती.

मतदान सोमवारी संध्याकाळी होतं. त्याच दुपारी नगरसभेचे सातही जण इमारत पाहायला गेले. आत बुरशी आणि ॲस्बेस्टॉसची धूळ, म्हणून दारातच प्रत्येकाला मास्क आणि तोंडावर लावायचा पारदर्शक पडदा दिला गेला.

"शोभतोय गं तुला," नगरसभेचा अध्यक्ष ट्रूमन ब्रिग्ज म्हणाला. तो तिच्या शाळेतला. "तोंड झाकलं की तू एकदम सुंदर दिसतेस."

"तुझं तर कायमचं झाकायला हवं," लोरीन म्हणाली.

बाकीचे छत बघत पुढे गेले. चौदा नंबरचं दार उघडंच होतं. पलंग नव्हता, घड्याळ नव्हतं, भिंतीवर आईच्या क्रूसाची फिकट खूण तेवढी होती. लोरीन खिडकीपाशी गेली.

नोव्हेंबर चालू होता. वर येताना तिनं पाहिलं होतं, बाहेर कमरेएवढं गवत वाळून आडवं झालं होतं. पण खिडकीतून दिसणारं गवत नुकतंच कापलेलं होतं. कडेचं झुडूप पिवळ्या फुलांनी डवरलं होतं. आणि त्या हिरवळीवर पिवळ्या कोटातली एक बाई डोक्यावर पुठ्ठा धरून उभी होती. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: *आई, आज जेवलीस का?*

तो कोट लोरीननं तीन वर्षांपूर्वी चर्चमधल्या गरजूंसाठीच्या पेटीत टाकला होता.

पळून जावं असं तिला वाटलं. पण बाहेरची बाई काचेकडे डोळे लावून उभी होती, इतक्या आशेनं की लोरीनला बघवेना. आपोआप तिचा हात वर गेला आणि हलला. बाहेरच्या बाईचा चेहरा खुलला.

"लोरीन! काय चाललंय?" दारातून ब्रिग्जनं विचारलं. "कुणाला टाटा करतेस?"

ती त्याच्याकडे वळली, मग तिनं पुन्हा बाहेर पाहिलं. बाहेर वाळकं गवत होतं.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. तिघे पाडण्याच्या बाजूनं, तिघे नळांच्या बाजूनं. सगळ्यांच्या नजरा लोरीनवर. तिनं माईक जवळ ओढला.

"मतदान शुक्रवारी घ्या."

"अगं बाई, सूचना तुझी आणि खो पण तूच घालणार?" ब्रिग्ज ओरडला. "गेल्या तीन वर्षांत पुढे ढकलण्याशिवाय आपण केलंय काय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "नळवाल्यांनी फोडली वाटतं हिला!" हशा पिकला.

"मला गुरुवारपर्यंत रोज तिथे जायचंय," लोरीन म्हणाली. "तिथे कुणीतरी माझी वाट बघतंय."

आता तर जास्त हसतील, असं तिला वाटलं. पण कुणीच हसलं नाही. नागरिकांच्या रांगेतला एमेट शुल्ट्झ हळूहळू बोलायच्या टेबलापाशी आला. तो शाळेच्या बँडचा जुना मास्तर. प्रत्येकाला तीन मिनिटं, हिरवा दिवा लागला.

"माझी बायको ओपल गेली तेही मला उशिराच कळलं," तो म्हणाला. "मी रोज खिडकीखाली ट्रम्पेट वाजवायचो. ती गेल्यावरही दोन दिवस वाजवत होतो. आणि आतून कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. मी पाहिलंय. येडा म्हणाल म्हणून बोललो नाही."

लाल दिवा लागला. ब्रिग्जनं घंटा वाजवली नाही. मग मागच्या बाकावरची एक बाई "मीपण पाहिलंय" म्हणत उभी राहिली, तिच्यामागे आणखी एक, आणि शुक्रवारपर्यंत थांबायचं ठरलं.

मंगळवारी लोरीन एमेटला घेऊन गेली. त्याला ओपलच्या खोलीत सोडून ती चौदा नंबरमध्ये उभी राहिली. पिवळा कोट आला, हात हलले. बुधवारीही. आता तिला भीती वाटत नव्हती. त्या बाहेरच्या वेडीची तिला माया वाटत होती, आणि तिच्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय या विचारानं रडू येत होतं.

गुरुवारी ती जाणारच नव्हती. गुरुवारचा दिवस तिला तोंडपाठ होता. पण न गेल्यास ती खिडकी रिकामी राहणार होती.

बाहेरच्या बाईनं पुठ्ठा उचलला, तोच तिचा फोन वाजला. तिनं तो कानाला लावला. पुठ्ठा गळून पडला. ती गवतात बसली, मग धडपडत उठली, धावत आली आणि दोन्ही मुठींनी काच बडवू लागली. आवाज आत येत नव्हता, पण लोरीनला शब्द ठाऊक होते. *कोण आहेस तू? कोण आहेस?*

चार वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारी आतल्या माणसानं तळवे काचेला लावले होते आणि मास्कआडून काहीतरी म्हटलं होतं. मास्क हलताना तिनं पाहिला होता. काय म्हटलं, ते चार वर्षं तिला कळलं नव्हतं.

लोरीननं तळवे काचेला लावले.

"मीच आहे गं," ती म्हणाली. "मीच आहे. जा आता घरी."

बाहेरच्या बाईला ऐकू गेलं नाही. जाणारच नव्हतं. ती माघारी वळून दिसेनाशी होईपर्यंत लोरीन तिथून हलली नाही. शेजारच्या खोलीतून एमेटच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

शुक्रवारी सभागृह पुन्हा गच्च भरलं. ब्रिग्जनं विचारलं, "इमारत पाडायच्या बाजूनं कोण?"

लोरीननं हात वर केला. हातांची मोजणी होऊन ठराव मंजूर झाला, लोक उठायला लागले, तरी चौदा नंबरच्या खिडकीत वर केलेला असावा तसा तिचा हात खाली आला नव्हता.